भोकर कुलातील निळ्या फुलांच्या ओषधी : ओळख

रानात आपोआप वाढणारी, निळ्या फुलांची आणि हाताला खरखरीत लागणाऱ्या केसाळ पानांची ओषधी (मऊ खोडाची लहान वनस्पती) बहुधा भोकर कुलातील, म्हणजे बोरॅजिनेसीतील असते. केस ताठ असतात व त्यांच्या बुडाशी बहुतेकदा चुना किंवा सिलिका साचलेली असते. काही जातींचे केस बोटांत रुततात.

रंगावर मात्र फार विसंबू नये. अनेक जातींत कळी गुलाबी असून उमललेले फूल निळे होते. पेशींतील आम्लता बदलली की अँथोसायनिन या रंगद्रव्याची छटा पालटते. एकाच फुलोऱ्यात दोन्ही रंग दिसणे ही निळेपणापेक्षा चांगली खूण होय. त्याहून खात्रीची खूण फुलोऱ्याची ठेवण. कोवळेपणी तो विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो आणि फुले उमलतील तसा उलगडत जातो. पाने साधी, बहुधा एकाआड एक, खोड गोल, फळ पिकल्यावर त्याच्या सहसा चार कपालिका (कठीण, एकबीजी भाग) सुट्या होतात. तुळशीच्या कुलातही कपालिका चारच, पण तेथे खोड बहुधा चौकोनी, पाने समोरासमोर आणि फूल सहसा द्वयोष्ठक (दोन ओठांसारखे) असते. चिकोरीही निळी व खरखरीत. तिचे खोड मोडताच पांढरा चीक येतो.

जात ठरवताना फुलाच्या आत पाहावे. बोरॅगो ऑफिसिनॅलिसचे फूल ताराकृती व खाली झुकलेले, मध्यभागी काळसर परागकोशांचा शंकू. चुरगळलेल्या पानाला काकडीचा वास येतो. एचियम व्हल्गेरचे फूल एका बाजूस लांब, केसरदले (पुंकेसर) बाहेर आलेली, तर खोडावर प्रत्येक राठ केसाच्या बुडाशी गडद ठिपका. अँकुसाच्या फुलात घशाशी पांढरे खवले असतात, एचियमात ते नसतात. सिनोग्लॉसमच्या कपालिका अंकुशांमुळे कपड्यांना चिकटतात. भारतात आढळणाऱ्या ट्रायकोडेस्मा इंडिकममध्ये संदलांच्या (पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांच्या) तळाशी टोकदार पाळ्या दिसतात.

फुले येण्यापूर्वी, पाने जमिनीलगत असताना, ओळख सर्वांत फसवी असते. या कुलातील सिम्फायटम समजून डिजिटॅलिस या विषारी वनस्पतीची पाने खाल्ल्याने हृदयाला घातक विषबाधा झालेली आहे. डिजिटॅलिसच्या पानांची कड बारीक दातेरी असते, सिम्फायटमची अखंड. अर्थात भोकर कुलातील वनस्पतीही निर्धोक नव्हेत. त्यांपैकी अनेकींत यकृताला अपायकारक पायरोलिझिडीन अल्कलॉइडे ही द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियाच्या कुरणांत तण म्हणून माजलेल्या एचियम प्लांटॅजिनियममुळे घोडे दगावतात.