फॉरवर्ड (सोलापूर)

फॉरवर्ड : एकाकडून आलेला मजकूर, फोटो, व्हिडिओ किंवा आवाजाची क्लिप आहे तशी दुसऱ्याकडे सरकवणे, आणि असा सरकवलेला संदेश. मराठीत हा शब्द नाम म्हणून चालतो (‘सकाळपासून वीस फॉरवर्ड आले’) आणि ‘करणे’ लावून क्रियापद म्हणूनही. ‘अग्रेषित’ हा त्याचा सरकारी पर्याय कचेरीच्या टपालाबाहेर कधी पडला नाही. सोलापुरात बोलताना ‘ढकलणे’ जास्त ऐकू येते : “ते ग्रुपवर ढकल की बे.” शब्द नेमका आहे. ढकललेली वस्तू आपली नसते, ती फक्त पुढे गेली म्हणजे झाले.

फॉरवर्डचा मूळ लेखक कोण हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. शेवटचा पाठवणारा मात्र ओळखीचा असतो : मामा, शेजारच्या काकू, दहावीच्या बॅचमधला मित्र. भरवसा बसतो तो या शेवटच्या हातावर. सोलापूर शहर आणि जिल्ह्यात या प्रथेने उपयोग आणि अनर्थ ही दोन्ही टोके गाठली, म्हणून ही नोंद या जिल्ह्यापुरती.

फोन येण्याआधीही ढकलाढकली होतीच. अमुक देवळात नाग प्रकटला, त्याने अमुक सांगितले, ज्याने पत्रके छापून वाटली त्याला लाभ झाला, ज्याने फाडली त्याचे नुकसान झाले, अशी पिवळट कागदावरची पत्रके आणि पोस्टकार्डे महाराष्ट्रभर फिरत. ‘हा मेसेज अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल’ हे त्या पत्रकाचेच पोर. छपाईचा खर्च वाचला एवढाच फरक, आणि लाभाची मुदत महिन्यावरून संध्याकाळवर आली. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर पोहोचली, तेव्हा कोणाच्या खिशात स्मार्टफोन नव्हता. एसटीडी बूथ आणि घरातला काळा फोन यांनीच ते काम केले. दूध चमच्यातून मूर्तीवर ओढले जाते ते पृष्ठताणामुळे, हे शास्त्रज्ञांचे उत्तरही त्याच आठवड्यात आले, पण ते कोणी शेजाऱ्याला उठवून सांगितल्याचे ऐकिवात नाही.

सोलापूरची भाषिक ठेवण फॉरवर्डला अनुकूल आहे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडच्या माणसांत कन्नड, जुन्या पेठांमधून दखनी आणि सगळ्यांच्या मध्ये मराठी. एकच अफवा तीन भाषांतून फिरून परत त्याच गल्लीत येते, आणि तीन ठिकाणांहून ऐकली म्हणून खरी वाटते. प्रत्यक्षात ती एकाच नळाची तीन भांडी असतात. बोलीला लिपीची अडचण नसल्यामुळे आवाजाच्या क्लिपचे प्रमाण इथे डोळ्यांत भरण्याइतके आहे. पूर्व भागात दुपारी एखाद्या अंगणात जाऊन बसावे : सूप मांडीवर, कात्रीने कापलेले तेंदूचे पान हातात, जर्दा भरून विडी वळण्याचे आणि दोरा गुंडाळण्याचे काम चालू, आणि फोन भिंतीला टेकवून ठेवलेला. क्लिप वाजते, संपते, हात न थांबवता कोणीतरी करंगळीने ती पुन्हा लावते. हात गुंतलेले असताना वाचणे होत नाही, ऐकणे होते.

जिल्ह्यातला सर्वांत उपयोगी फॉरवर्ड उजनीचा. माढा तालुक्यातले भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जून लागला की रोज सकाळी एक संदेश फिरू लागतो : तारीख, वेळ, पाणीपातळी मीटरमध्ये, एकूण साठा टीएमसीत (म्हणजे हजार दशलक्ष घनफुटांत), उपयुक्त साठा टीएमसीत, टक्केवारी, आणि दौंडहून येणारा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफुटांत). सगळे जण आधी टक्केवारी पाहतात, जाणकार मात्र दौंड पाहतात. कारण पुण्याच्या वरच्या धरणांतून सोडलेले पाणी दौंडवरून उजनीत येते आणि उद्याची टक्केवारी आजच्या दौंडमध्ये असते. “दौंड किती?” हा प्रश्न पावसाळ्यात इथे तब्येतीच्या चौकशीइतका सहज विचारला जातो.

या संदेशातले एक कोडे बाहेरच्या माणसाला हमखास अडवते. उन्हाळ्यात उजनी ‘मायनसमध्ये’ जाते. धरणात शून्याखाली पाणी कसे असेल? धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातले सुमारे साडेत्रेसष्ट टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचे, नेहमीच्या वापरात न धरलेले पाणी, आणि वरचे साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणजे उजनी शून्य टक्के असते तेव्हा धरणात साठ टीएमसीहून अधिक पाणी उभे असते, आणि मृतसाठ्यातून उपसा सुरू झाला की आकडा शून्याखाली घसरतो. एवढा मोठा मृतसाठा महाराष्ट्रातल्या फार थोड्या धरणांना आहे. हे न कळल्याने दर मे महिन्यात ‘उजनी कोरडी पडली’ असा एक फॉरवर्ड पुण्या-मुंबईहून उलटा सोलापुरात येतो, आणि इथली मंडळी त्याला हसतात. ‘प्लसमध्ये आली’ हा दिवस मात्र खराच आनंदाचा असतो. त्या सकाळी एकच संदेश एकाच माणसाला पाच ग्रुपवरून मिळतो आणि त्याची कोणी तक्रार करत नाही.

उजनीचा संदेश विश्वासार्ह ठरतो तो पाठवणाऱ्यामुळे नव्हे. त्यात तारीख आहे, वेळ आहे, मोजमाप आहे. चुकला तर दुसऱ्या दिवशीचा आकडा त्याला खोटा पाडतो. शहरातल्या पाण्याच्या फॉरवर्डला हा आधार नसतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात ‘आज कोणत्या भागाला पाणी’ हा संदेश गल्लीच्या ग्रुपचा प्राण आहे. जलवाहिनी फुटली की रोटेशन एक दिवस पुढे जाते, तसा संदेश निघतो, आणि तो पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी बोटाने पुन्हा वर येतो. आमच्या गल्लीत अशा एका शिळ्या संदेशापायी निम्म्या घरांनी पहाटे चार वाजता हंडे, पिंपे रांगेत मांडली आणि सात वाजता उचलून आत नेली. “कधीचं हे बे?” असे कोणी विचारेपर्यंत तीन तास गेले होते.

फॉरवर्डवरची बंधने आज जगभर आहेत. त्यांच्यामागे सोलापूर जिल्ह्याचे एक दुःख आहे, आणि ते जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला आठवत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश आणि व्हिडिओ त्या भागात कित्येक दिवस फिरत होते. भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांवर जमावाने तोच संशय घेतला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार होईपर्यंत मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले. डवर वाजवत गावोगाव भिक्षा मागणे हा या भटक्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. पूर्वी अनोळखी गावात त्यांची ओळख पटायची ती वेषावरून आणि वाद्यावरून. त्या दिवशी गावाने त्यांच्याबद्दलची माहिती फोनमधून घेतली. आधार कार्डे त्यांच्याजवळ होती. ती कोणी पाहिली नाहीत.

त्या उन्हाळ्यात देशात अशा हत्या इतरत्रही झाल्या होत्या, पण राईनपाड्यानंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला. जुलै २०१८ मध्येच दुसऱ्याकडून आलेला संदेश ‘फॉरवर्डेड’ अशा खुणेने दिसू लागला, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा त्याच महिन्यात जाहीर झाली. जानेवारी २०१९ मध्ये तीच मर्यादा जगभर लागू केली गेली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या अफवांचा सुकाळ असताना, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला.

खुणेमागचे यंत्र समजून घेण्यासारखे आहे. व्हॉट्सॲपवरचा मजकूर २०१६ पासून दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो. कंपनीला तो वाचता येत नाही, म्हणून खरे-खोटे तिला ठरवता येत नाही. संदेशाबरोबर फक्त एक मोजणी प्रवास करते : तो किती हातांतून आला. एक बाण म्हणजे निदान एकदा ढकललेला. दोन बाण म्हणजे पाच किंवा अधिक हात पालटून आलेला. बाण हातांची संख्या सांगतो, पहिला हात कोणाचा ते सांगत नाही. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की मोजणी शून्यावर येते. स्क्रीनशॉट काढला तरी तेच. त्यामुळे सर्वांत लबाड संदेश पुष्कळदा बाणाशिवाय, अगदी पाठवणाऱ्याने स्वतः लिहिल्यासारखा येतो. शेवटी ‘माझ्या भावाने आत्ताच फोन करून सांगितले’ अशी ओळ असली तर तो भाऊ बहुधा शंभर जणांचा असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. खोटी माहिती किंवा अफवा पसरवून लोकांत भीती वा तेढ निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम ५०५ मध्ये होते. सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरीही निवडणूक किंवा सण जवळ आला की ‘ग्रुपवर काही आले तर ॲडमिन जबाबदार’ हाच फॉरवर्ड ॲडमिनला येतो, आणि तो घाबरून सगळ्यांचे तोंड बंद करतो.

सगळे फिरलेले खोटे नसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीतली कांद्याची एक पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, देशभर पोहोचली. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा, दर किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा जाता हाती २ रुपये ४९ पैसे. चेक निघाला २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. ही थट्टा असेल असे अनेकांना वाटले, पण ती खरी होती, आणि खरी आहे हे पट्टीवरूनच कळत होते. वजन, दर, कपात, तारीख, सगळे त्या कागदावर होते. शेतकऱ्यांच्या कितीतरी सभांनी जे सांगितले ते त्या चतकोर कागदाच्या फोटोने वरपर्यंत नेले. अर्थात अशा पट्टीला पुढेही मरण नसते. भाव जरा पडला की ती ‘आजची पट्टी’ म्हणून पुन्हा निघते, आणि तारखेचा कोपरा तेवढा कापलेला असतो.

१५ जून २०२३ चा व्हिडिओही असाच. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरवलेली सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी त्या दिवशी पाडली. काही सेकंदांत कोसळणारी ती चिमणी सोलापूरकरांनी वेगवेगळ्या गच्च्यांवरून टिपली होती. ‘पाडा’ म्हणणारे आणि ‘राहू द्या’ म्हणणारे दोघेही तोच व्हिडिओ ढकलत होते, फक्त वरची ओळ वेगळी. एरवीच्या बहुतेक राजकीय फॉरवर्डचे स्वरूप इतकेच असते.

रोजच्या वापरात सर्वांत मोठा वाटा मात्र देवाचा. पहाटे पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणीचे ‘आजचे दर्शन’, पाठोपाठ अक्कलकोटच्या स्वामींचे. पोशाखाचा रंग रोज निराळा, म्हणून तो फोटो कालचा की आजचा हे आजी चष्मा न लावता सांगते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्याजवळ प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात तेव्हा गर्दीने नेटवर्क बसते. बाराबंदी घातलेल्या पोरांनी नंदीध्वजाबरोबर काढलेले फोटो तिथून हलत नाहीत, आणि माणसे घरी परतल्यावर ते सगळे एकदम येऊन आदळतात. वाढदिवसाचे बॅनर आणि ‘शुभ सकाळ’ची फुले यांबद्दल वेगळे लिहिण्यासारखे काही नाही, त्यांनी फोनची जागा भरते, एवढेच.

पावसाळ्याच्या शेवटी उजनी भरते आणि विसर्ग सुरू होतो, तेव्हा टक्केवारीचा संदेश मागे पडून पंढरपूरचे फोटो येऊ लागतात. चंद्रभागेच्या, म्हणजे पंढरपुरातल्या भीमेच्या, वाळवंटातले पुंडलिकाचे मंदिर पाण्यात, वर फक्त शिखर. त्यांतले कोणते या वर्षीचे आणि कोणते आधीच्या एखाद्या पुरातले हे सांगणे अवघड, कारण मंदिर तेच, पाणी तेच, गढूळपणाही तोच. पंढरपूरचे लोक मंदिराकडे पाहतच नाहीत. ते मागचा घाट, पूल आणि काठावरच्या दुकानांच्या पाट्या बघतात, आणि मग खाली लिहितात : जुना आहे, आज पाणी अजून वाळवंटात आलेलं नाही.