अंजायना हे नाव आलं कुठून?

रिपोर्टवर 'अंजायना' दिसलं की बरेच जण घाबरतात, अटॅक येऊन गेला असंच धरून चालतात, पण तसं नाहीये. हृदयाच्या स्नायूला त्या वेळी हवं तेवढं रक्त पोचत नाही म्हणून छातीत जे दाटून येतं, आवळल्यासारखं होतं, त्या त्रासाचं हे नाव.

पूर्ण नाव अंजायना पेक्टोरिस, लॅटिनमधलं. पेक्टोरिस म्हणजे छातीचा आणि अंजायनाच्या मुळाशी आहे गळा आवळणं, खरं तर आधी हा शब्द घशाच्या दुखण्यांनाच वापरायचे, आजही लुडविग्ज अंजायना म्हणजे जिभेखाली आणि जबड्याखाली पसरणारं इन्फेक्शन, हृदयाशी त्याचा काही संबंध नाही.

छातीच्या दुखण्याला हे नाव दिलं लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी. २१ जुलै १७६८ ला त्यांनी तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये निबंध वाचला. चालताना, त्यातही चढावर आणि जेवण झाल्या झाल्या छातीत कळ येते, आता जीव जातो असं वाटतं आणि उभं राहिलं की सगळं गायब! ईसीजी नाही, काही नाही, नुसतं पेशंटचं ऐकून इतकं नेमकं लिहिलंय की मला तरी कमाल वाटते. आजही डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात, चालताना होतं का, थांबल्यावर जातं का. गुदमरणं आणि भीती ही त्या त्रासाची ओळख, म्हणून नाव तसं पडलं, कारण मात्र तेव्हा सापडलं नव्हतं.

१७७२ मध्ये निबंध छापून आल्यावर एका वाचकाने निनावी पत्र लिहिलं, मलाही हेच होतं, मी अचानक गेलो तर माझं शवविच्छेदन करा. तो थोड्याच दिवसांत गेला. शवविच्छेदन जॉन हंटर या प्रसिद्ध सर्जननी केलं, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या काही तपासल्या गेल्या नाहीत. पुढे हंटरना स्वतःलाच अंजायना झाला. त्यांचे शिष्य एडवर्ड जेन्नर, तेच देवीच्या लसीवाले, यांना कोरोनरी म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांमुळे हे होतं असा संशय आलेला, पण गुरूंना धक्का बसेल म्हणून ते जाहीरपणे बोललेच नाहीत. १७९३ मध्ये हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये वाद झाला आणि हंटर तिथेच गेले, तपासणीत त्यांच्या कोरोनरी कडक झालेल्या निघाल्या.

औषध यायला अजून बराच काळ लागला. १८६७ मध्ये लॉडर ब्रंटन या डॉक्टरांनी अमाइल नायट्राइट हुंगायला दिलं आणि १८७९ मध्ये विल्यम मरेलनी नायट्रोग्लिसरीन वापरलं, तेच आज जिभेखालच्या गोळीत असतं.