दात खातो म्हणजे जंतच झालेत?

रात्री दीड वाजता शेजारी झोपलेलं चार वर्षांचं पोर करकरा दात खायला लागतं. पाट्यावर खडा घासावा तसा आवाज. सकाळी आजीचा निकाल तयार: "जंत झालेत, गोळी द्या." गोळी देऊनही पोर पुन्हा दात खातंच!

झोपेत दात खाण्यावरून जंत ओळखता येत नाहीत. झोप गाढ-हलकी होत असते. त्या बदलात मेंदू क्षणभर जागा होतो आणि जबड्याचे स्नायू आवळले जातात. लहान मुलांत हे सर्रास दिसतं. कायमचे दात येत जातात तसं बहुतेकांचं आपोआप थांबतं. जंतांची गोळी जरूर द्या, अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना ती देतातच. पण ती जंतांसाठी, दात खाण्यावर नाही.

खरं लक्ष ठेवायचं ते घोरण्यावर. पोर तोंड उघडं टाकून घोरत असेल, तर नाकामागचे मऊ गाठींसारखे अ‍ॅडेनॉइड वाढलेले असू शकतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सकाळी जबडा दुखत असेल किंवा दात फार झिजले असतील, तर दातांच्या डॉक्टरांना. रात्री हलवून उठवू मात्र नका, रागावू तर मुळीच नका. त्या बिचाऱ्याला आपण दात खाल्ले हे ठाऊकही नसतं.