वृद्धाश्रम हाकेवर चालतो, शुश्रूषा केंद्र घड्याळावर

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांनी तोच मेसेज पडतो. 'नाशिकमध्ये चांगलं नर्सिंग होम सुचवा, सासूबाईंसाठी.' लगेच उत्तरांची रांग लागते. एक जण गंगापूर रोडवरच्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं नाव देतो. दुसरा मखमलाबादकडच्या एका वृद्धाश्रमाचं. एक काकू हमखास म्हणतात, 'देवळालीला ठेवा, हवा फार छान.' सासूबाई स्वतः उठून बसू शकतात का, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि सगळा निकाल तर त्यावरच लागतो.

आधी शब्दाची भानगड पटकन मिटवू. नाशिकला नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खासगी हॉस्पिटल. बाळंतपण, अपेंडिक्स, दोन दिवस सलाईन आणि घरी. इंटरनेटवर जे 'नर्सिंग होम कसं निवडावं' वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेचं. तिथे नर्सिंग होममध्ये म्हातारी माणसं वर्षानुवर्षं राहतात, सरकारी तपासणी होते आणि २००८ पासून सरकारच तपासणी, कर्मचारी आणि रुग्णांची स्थिती बघून एक ते पाच तारे देतं. आपल्याकडे असे तारे नाहीत. गुगलवर दिसतात ते रविवारी संध्याकाळी डबा घेऊन भेटायला आलेल्या भाच्याने दिलेले असतात. देवळाली कॅम्पातली जुनी सॅनेटोरियम हा आणखी तिसरा प्रकार. ती हवापालटासाठी, चालत्याफिरत्या माणसांची. तेव्हा काकूंची हवा बाजूला ठेवू.

वृद्धाश्रम काय असतो ते सांगायला नको. खोली, दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा, संध्याकाळचं भजन, आठवड्याला डॉक्टरांची फेरी. धडधाकट किंवा काठीच्या आधाराने चालणाऱ्या माणसासाठी ही चांगली सोय आहे, आणि वृद्धाश्रम म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शुश्रूषा केंद्र, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ठेवून घेणारं. पाटीवर हा शब्द क्वचितच सापडेल. तिथे 'केअर सेंटर', 'पेशंट केअर', 'रिहॅब' असं काहीबाही लिहिलेलं असतं. पैसे जास्त, खोल्या लहान, भेटीच्या वेळा जरा कडक. हे फरक आपोआप कळतात, त्यांवर वेळ घालवत नाही.

कळत नाही तो फरक वेगळाच आहे. वृद्धाश्रमात माणूस हाक मारतो आणि कुणीतरी येतं. पाणी हवं, पाय चेपून हवेत, गोळी सापडत नाही, तर बेल दाबली, मावशी आल्या. शुश्रूषा केंद्रातला माणूस हाक मारू शकत नाही. वाचा गेलेली असते, भान नसतं, किंवा गेल्या आठवड्यात मारलेल्या हाकांचं काय झालं ते आठवून तो गप्प बसलेला असतो. तिथे कुणीतरी न बोलावता, घड्याळ बघून यावं लागतं. दोन तास झाले की कूस बदलायला. ठरल्या वेळी नळीतून अन्न द्यायला. लंगोट ओला आहे का ते हात लावून बघायला. रात्री दोनला, पहाटे चारला, भाऊबीजेच्या दिवशीही.

हाकेवर चालणाऱ्या ठिकाणी घड्याळावरचा माणूस ठेवला की काय होतं, ते मी आत्याच्या बाबतीत बघितलं. आत्या मुळात वृद्धाश्रमातच होती, चांगली दोन वर्षं, मजेत. मग बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. ऑपरेशननंतर डिस्चार्ज मिळाला आणि ती त्याच खोलीत, त्याच कॉटवर परत गेली. संचालक म्हणाले, 'आम्ही बेडरिडन पण घेतो.' म्हणजे अंथरुणाला खिळलेलेही. आम्हाला हायसं वाटलं. तिची खोली तीच, मावश्या त्याच, बाहेरची चाफ्याची झाडंही तीच. खोली तीच राहिली म्हणून काही बदललंय हे आमच्या लक्षातच आलं नाही. आत्या मात्र एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात गेली होती.

तीन आठवड्यांनी एका दुपारी मी तिच्या पायात मोजे घालायला गेले. डाव्या टाचेवर एक रुपयाच्या नाण्याएवढा जांभळट डाग होता, आणि बोट लावलं तर पिकलेल्या चिकूसारखा मऊ लागला. कॉटला पाटी अडकवलेली होती, त्यावर कूस बदलल्याचा तक्ता. डावी, उजवी, पाठ, पुढे सह्या. मी गेले तेव्हा चार वाजले होते. तक्त्यावर रात्री आठपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या.

मी मावशींना विचारलं. त्या चिडल्या नाहीत, लाजल्याही नाहीत. म्हणाल्या, 'ताई, वरच्या मजल्याला आम्ही दोघीच. हाका मारणाऱ्यांकडं आधी जावं लागतं. तुमच्या आत्या काही मागतच नाहीत, लई गुणाच्या.'

मला त्या बाईंचा राग नाही. हाकेवर चालणारी व्यवस्था गुणी माणसाला अशीच विसरते. राग आहे तो 'बेडरिडन पण घेतो' मधल्या त्या 'पण'चा.

आता शुश्रूषा मोजायची कशी ते. पहिली गोष्ट कातडी. एकाच कुशीवर पडून राहिलं की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांत इजा सुरू होते. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू, खवाटे आणि डोक्याची मागची बाजू या जागा. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. पुस्तकात 'लालसर डाग बघा, दाबून पांढरा होत नसेल तर सावध व्हा' असं असतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे काळपट किंवा जांभळट छटा बघायची आणि हाताची पाठ लावून ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा भुसभुशीत लागते का ते बघायचं. आधी मोजे काढा. चेहरा स्वच्छ पुसून पावडर लावलेली असते, भेटायला येणारा चेहराच बघतो ना. टाच कुणी बघत नाही.

'आमच्याकडे एअर बेड आहे' हे उत्तर नाही. वाऱ्याची गादी दाब थोडा वाटून देते, पण तिने कूस बदलण्यापासून सुटका होत नाही. शिवाय तिचा पंप चालू आहे का ते आधी वाकून बघा. लाईट गेल्यावर कुणीतरी प्लग काढला आणि परत लावायचं राहिलं, हे मी दोन ठिकाणी बघितलंय. रबरी रिंगवर बसवणं आणि डाग पडलेल्या जागी स्पिरिट लावून जोरजोरात चोळणं हे दोन्ही जुने उपाय अजून अभिमानाने दाखवले जातात. रिंगने कडेचा रक्तपुरवठा तुटतो आणि चोळण्याने आधीच दुखावलेली कातडी आणखी फाटते. हे करणारं ठिकाण कष्टाळू असेल, शिकलेलं नाही.

नाकातली नळी असेल तर अन्न देण्याची वेळ विचारून नेमके त्याच वेळी जा. डोक्याकडचा भाग तीस ते पंचेचाळीस अंश उचललेला हवा आणि पेज-पाणी गेल्यावरही अर्धा-पाऊण तास तसाच हवा. आडवं झोपवून सिरिंजने भराभर ढकललं की ते फुफ्फुसात जायची भीती, मग न्यूमोनिया. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. आणि वजन! दर महिन्याचं वजन लिहिलेलं ठिकाण दिसलं तर माझे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. साठ किलोचा माणूस महिन्यात तीन किलो उतरला तर ते 'वयच झालं' नसतं. दात बसत नसतील, भरवणाऱ्याला घाई असेल किंवा काहीतरी आजार आत शिरला असेल. म्हातारपणी लघवीतलं इन्फेक्शन कधी कधी तापाने कळत नाही, माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागतो त्यावरून कळतं. चांगल्या ठिकाणची सिस्टर हे तुमच्या आधी सांगते. वाईट ठिकाणी झोपेची गोळी वाढवतात. मनगटावर पट्टीचे किंवा ओढणीचे वळ दिसले तर हात कुणी, कधीपासून आणि कुणाच्या सांगण्यावरून बांधले, एवढं विचारल्याशिवाय बाहेर पडू नका.

सिस्टर या शब्दावरही दोन वाक्यं. आकाशी गणवेश घातलेली प्रत्येक बाई सिस्टर नसते. नर्सिंगमध्ये ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा कोर्स आहे, आणि त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. मावश्या आणि ब्रदर मंडळी कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून येतात, त्यातली कितीतरी हाताने सोन्यासारखी असतात, पण इन्सुलिन किती द्यायचं हे त्यांनी ठरवायचं नसतं. म्हणून 'चोवीस तास नर्स आहे का' असं विचारू नका, त्याला 'हो' शिवाय उत्तर मिळणार नाही. 'आज रात्री ड्यूटीवर कोण आहे, त्यांचं शिक्षण काय आणि त्यांच्याकडे पेशंट किती?' असं विचारा. आज रात्री. साधारणपणे नाही.

'आमची संस्था रजिस्टर्ड आहे' हेही वाक्य अर्धंच असतं. कशाखाली? बरेच वृद्धाश्रम ट्रस्टचे असतात, त्यांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. ती कारभाराची आणि हिशेबाची झाली, तिचा पाठीवरच्या जखमेशी संबंध नाही. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते आणि त्या कायद्याच्या व्याख्येत आजारी, जखमी किंवा विकल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा येते. तेव्हा नळ्या, इंजेक्शनं, ड्रेसिंग सगळं करतो असं जे सांगतात, त्यांना हे प्रमाणपत्र मागायला संकोच कशाला? ते तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून तारीखही वाचा. महापालिका हद्दीत हे काम महापालिकेच्या वैद्यकीय विभागाचं.

हिरवळ, संगमरवरी देवघर, मोबाईलवर दिसणारा सीसीटीव्ही, 'घरच्यासारखं वातावरण'. यातल्या कशालाच माझा विरोध नाही, फक्त यातलं काहीच रात्री दोन वाजता कूस बदलत नाही. सीसीटीव्हीत तर झोपलेला माणूस आणि एकाच कुशीवर नऊ तास पडलेला माणूस सारखाच दिसतो. फिनेलचा वास भपकन आला तर मी जास्त सावध होते. एका कॉटपाशी लघवीचा वास येणं साहजिक आहे, कुणालातरी आत्ताच झाली असेल. पण जिन्यापासून वास येत असेल तर तो कालचा असतो.

अजून एक. ज्या माणसाला थोडी मदत लागते पण भान आहे, गप्पा हव्यात, पत्ते खेळायचेत, त्याला भीतीपोटी शुश्रूषा केंद्रात टाकू नका. घड्याळावर चालणाऱ्या ठिकाणी बोलायला कुणाला वेळ नसतो आणि शेजारच्या कॉटवरचा माणूस बोलत नाही. प्रेसमधून रिटायर झालेले आमचे एक ओळखीचे आजोबा, केवळ मधुमेह आहे म्हणून मुलांनी तशा केंद्रात ठेवले होते. दीड महिन्यात त्यांनी बोलणं सोडलं. मग वृद्धाश्रमात हलवले, तिथे आता सकाळी पेपर वाचून सगळ्यांशी वाद घालतात.

आत्याला आम्ही पाथर्डी फाट्याच्या बाजूला एका दहा कॉटच्या जागी हलवलं. तिथे बाग नाही, भजन नाही, खिडकीतून समोरच्या गॅरेजचे टायर दिसतात. ठेवण्याआधी मी रात्री साडेदहाला न सांगता गेले. दार उघडणाऱ्या सिस्टरने हातमोजे घातलेले होते, ती म्हणाली, 'बसा जरा, दोन नंबरची कूस राहिलीय.' आणि मला दारातच बसवून आत गेली. पंचवीस मिनिटं बाहेर आली नाही. टाच भरायला साडेतीन महिने लागले.