एराटोस्थेनिसचे पृथ्वीमापन : स्टेडियाचा न सुटलेला हिशेब

प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन शहरांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सायनीत (आजचे अस्वान) शून्य सावली, अलेक्झांड्रियात सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग, दोन्हींतले अंतर 5,000 स्टेडिया (लांबीचे ग्रीक माप), म्हणून परीघ 2,50,000. इतपत शाळेतच शिकवतात. पुढे हा आकडा 2,52,000 झाला, म्हणजे एका अंशाला नेमके 700 स्टेडिया. एराटोस्थेनिसचा मूळ ग्रंथ हरवला आहे. ही रीत आपल्याला कळते ती बऱ्याच नंतरच्या एका ग्रीक पाठ्यपुस्तकातून.

खरा वाद आहे तो एक स्टेडिया म्हणजे किती मीटर, याचा. रोमन मैलाचा आठवा भाग धरला तर सुमारे 185 मीटर. परीघ 46,620 किलोमीटर होतो, म्हणजे 16 टक्क्यांहून जास्त चूक. 157.5 मीटर धरले तर 39,690, म्हणजे चूक एक टक्क्याच्या आत. लोकप्रिय लेखनात हा दुसराच आकडा फिरतो. तो आला कुठून? एराटोस्थेनिसच्या हिशेबाने एका स्खोइनोसला 40 स्टेडिया, असे एक रोमन लेखक सांगतो. स्खोइनोस हे इजिप्तचे अंतराचे माप. ते 12,000 शाही हात (लांबीचे इजिप्शियन माप), म्हणजे 6,300 मीटर मानून 40 ने भागले की 157.5 मिळतात. पण स्खोइनोस प्रांतोप्रांती बदलत असे, त्यामुळे या भागाकाराचा पायाच डळमळीत आहे. उत्तर आधी ठाऊक असताना निवडलेले माप पुरावा ठरत नाही.

बाकीच्या चुका मोजता येतात. सायनी त्या काळच्या कर्कवृत्ताच्या सुमारे 20 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उत्तरेला होते. दोन्ही शहरे एका रेखावृत्तावर नाहीत, रेखांशांत 3 अंशांचा फरक आहे. त्यामुळे दक्षिणोत्तर अंतर सुमारे 790 किलोमीटर, तर सरळ रेषेतले 840 च्या आसपास. शंकूच्या (सावली मोजण्याच्या उभ्या काठीच्या) सावलीचे टोक सूर्याच्या मध्याचे नव्हे, वरच्या कडेचे असते. तिथे पाव अंश जातो. आणि 5,000 हा आकडा उघडच गोल केलेला आहे.

त्याचे भूगोलातले काम मला याहून मोठे वाटते. ऱ्होड्समधून जाणारे अक्षवृत्त आणि अलेक्झांड्रियाचे रेखावृत्त आधाराला घेऊन त्याने ज्ञात जग नकाशावर बसवले. नंतर 500 स्टेडियांचा अंश रूढ झाला आणि पृथ्वी कागदावर आक्रसली.

कोन आणि अंतर ही जोडी मात्र टिकली. 1791 मध्ये फ्रान्सने मीटरची व्याख्याच ध्रुव ते विषुववृत्त या अंतराच्या एक कोटीव्या भागावर बांधली. भारतात त्रिकोणांच्या साखळीने देश मोजण्याच्या कामासाठी 1802 मध्ये मद्रासजवळ 100 फुटी पोलादी साखळीने आधाररेषा (पहिल्या त्रिकोणाची बाजू) मोजली गेली. उन्हाने साखळी लांबते म्हणून तापमानाची दुरुस्तीही केली जाई. हे काम सुरू करणारा अधिकारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. मोजणी हिमालयाच्या पायथ्याशी पोचल्यावर त्रिकोणांनी काढलेले आणि ताऱ्यांवरून काढलेले अक्षांशांतर सुमारे 5 विकलांनी (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जुळेना. ताऱ्यांचे वेध घेताना उभी दिशा दाखवणारा ओळंबा पर्वताने स्वतःकडे ओढला, हे कारण बरोबर होते. पण गणिताने ही ओढ 15 विकलांहून जास्त भरत होती. पर्वतांखाली हलक्या खडकांची खोल मुळे असावीत, ही कल्पना 1855 मध्ये याच तफावतीतून पुढे आली.