दामरो क्रॅश साइट ट्रेक : परतीचं तिकीट काढायच्या आधी वाचा

अरुणाचलमधल्या दामरोजवळ दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या विमानाच्या अवशेषांपर्यंत आमचा हा ट्रेक जातो. त्याचे शेवटचे दोन दिवस मोकळे का ठेवलेत आणि त्याचे पैसे कशाला, हे प्रत्येक बॅचला कोणी ना कोणी विचारतंच. आणि मग आम्हाला न विचारता डोंगर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं दिब्रुगडचं फ्लाइट बुक करून ठेवतात, कारण ते स्वस्त मिळतं. वाटेतल्या पासीघाटच्या पुढे एक दरड आली की त्या एका तिकिटापायी सगळा ग्रुप घाईला येतो, मुक्काम गुंडाळावा लागतो आणि ज्यासाठी एवढ्या लांब गेलो त्या जागी धड तासभर बसताही येत नाही.

"पण जानेवारीत तिथे पाऊस कुठे असतो?" असं म्हणाल, तर तारीख बघा. ‘हॉट ॲज हेल’ नावाचं हे अमेरिकन बी-२४ बॉम्बर चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चाबुआला येताना २५ जानेवारी १९४४ ला गायब झालं, म्हणजे आपण जातो त्याच सीझनला. जपान्यांनी १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून चीनला जाणारा बर्मा रोड बंद पाडल्यावर चीनला रसद आसामातून हिमालयावरून विमानानेच जायची, त्या रूटला वैमानिक ‘हंप’ म्हणायचे. युद्ध संपेपर्यंत साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला पण शेकडो विमानं पडली, आणि त्यातली कितीतरी शत्रूने पाडली नाहीत, ढगांनी, बर्फाने आणि वाऱ्याने पाडली. तिथली हवा अजून तशीच आहे. म्हणून ते दोन दिवस आम्ही पॅकेजमधून काढत नाही, कोणी कितीही घासाघीस केली तरी. हवा चांगली राहिली तर ते पासीघाटच्या हंप म्युझियमला आणि सियांग नदीच्या काठी सत्कारणी लागतात.

आता दुसरं. अवशेषांतलं काहीही उचलायचं नाही, छोटा बोल्टसुद्धा नाही. विमानात आठ जण होते. अवशेष २००६ मध्ये सापडले आणि पुढे तिथे मिळालेल्या अस्थींवरून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली, २०१७ मध्ये जॉर्जियातल्या त्यांच्या गावी दफन झालं, त्र्याहत्तर वर्षांनी. बाकीच्यांचे नातेवाईक अजून वाट बघतायत, तेव्हा तिथली प्रत्येक वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या. फोटो हवे तेवढे काढा.

सिंहगड दर रविवारी करता, चांगलंच आहे, पण दामरोला मळलेली वाट नाही. पुढचा आदी जमातीचा वाटाड्या दाव (मोठा कोयता) घेऊन बांबू तोडत जातो, मागे आपण शेवाळलेल्या दगडांवरून, आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं. त्यामुळे सकाळी सहाला निघायचं म्हणजे सहालाच, चहा रेंगाळत प्यायचा नाही. सरावासाठी कात्रज ते सिंहगड आम्ही करून घेतो, तो पॅकेजमध्येच आहे. गेटर आणि पॉन्चो भाड्याने आमच्याकडेच मिळतील, नवीन घेऊ नका.

अरुणाचलमध्ये शिरायला लागणारं इनर लाइन परमिट आम्ही काढतो, फक्त नाव आधारवर आहे तसंच्या तसं पाठवा, स्पेलिंगसकट. आणि फ्लाइटचं पेमेंट करायच्या आधी तारखा आम्हाला व्हॉट्सॲप करा, आम्ही बघून त्याच दिवशी कळवतो.