गायरानावर नांगर कधीपासून चालतोय?

गायरानात शेती म्हटलं की लगेच "अतिक्रमण" म्हणून मोकळं होतात लोक, पण हा नांगर तिथं पोचला कसा हे कुणी विचारत नाही. गुरांच्या चराईसाठी राखलेली ही रानं बहुतेक मुरमाड नाहीतर उताराची, कारण काळी जमीन आधीच कुणाच्या ना कुणाच्या नावावर लागलेली.

1943 च्या सुमारास युद्ध आणि बंगालचा दुष्काळ यामुळे धान्याची ओढाताण झाली तेव्हा इंग्रज सरकारनेच "अधिक धान्य पिकवा" मोहीम चालवली, म्हणजे पडीक रानं पेरा असं सरकारच सांगत होतं, आणि स्वातंत्र्यानंतरही ते चालूच राहिलं. मग आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांनी सरळ प्रश्न टाकला की सरकारी जमीन पडून आहे आणि भूमिहीन उपाशी आहे, तर ती त्यालाच का देत नाही? 1959 ला आणि परत 1964-65 ला सत्याग्रह झाले, माणसं बायकापोरांसकट जेलमध्ये गेली. पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने हाच लढा गावोगाव नेला.

बरं, गायरान कसणं म्हणजे नुसतं पेरणं नाही. कुसळी गवत काढा, दगड वेचा, त्याच दगडांच्या ताली घाला म्हणजे पावसात माती वाहून जाणार नाही, आणि एवढं करून पहिली काही वर्षं हुलगा, मटकी, थोडी बाजरी. त्यात गावाचा विरोध, उभ्या पिकात गुरं सोडायचे.

28 नोव्हेंबर 1991 च्या जीआरने 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 मधली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, पण पुरावा द्यायचा कसा? तलाठ्याच्या 1-ई नोंदवहीत, म्हणजे अतिक्रमणांच्या वहीत, नाव लागलेलं असेल नाहीतर दंडाची पावती असेल तर, म्हणजे ज्याला दंड झाला त्याचंच नशीब, आणि ज्याची नोंदच कुणी घेतली नाही तो कसत असूनही बाहेर. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

शेळ्या-मेंढ्यावाल्यांची चराई गेली हेही खरंच आहे, ते नाकारून चालणार नाही. 2011 ला सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंग केसमध्ये गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हटलं, पण त्याच निकालात भूमिहीनांना आणि मागासवर्गीयांना सरकारने रीतसर दिलेल्या जमिनींना अपवाद ठेवलाय. अतिक्रमण काढायच्या नोटिसा निघतात तेव्हा हे वाक्य कुणी वाचून दाखवत नाही.